नोंद कोणाची?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला संशोधनाच्या इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. ज्याचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले आणि ज्याचे आयुष्य कामगारांचे अर्ज लिहिण्यात गेले, त्याने तारे, पक्षी आणि माणसाचा वंश यांविषयी काय बोलावे? पण विचार करता ध्यानात आले की, या सर्व शास्त्रांच्या मुळाशी एक वस्तू आहे आणि तिच्याशी माझा तीस वर्षांचा परिचय आहे. ती वस्तू म्हणजे नोंदवही. शास्त्रज्ञ तिला काहीही म्हणोत, आम्ही तिला मस्टर म्हणतो.

माझा तिच्याशी परिचय कसा झाला ते आधी सांगतो. १९९८ सालची गोष्ट. एका कारखान्यातून काही हंगामी कामगारांना कमी केले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम झाले हे दाखविणे आम्हांस भाग होते. मालकपक्षाने सांगितले, जुनी मस्टरे पावसात भिजून गेली. वही त्यांची, ती हरवली त्यांच्याकडून, आणि पुरावा मात्र द्यायचा आम्ही! आम्ही हात टेकले होते. तेवढ्यात एका कामगाराची बायको चार वर्षांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिका पिशवीत घालून घेऊन आली. दुधाच्या हिशेबाशेजारी, नवरा ज्या दिवशी कामावर गेला त्या प्रत्येक तारखेवर तिने पेन्सिलीची एक रेघ ओढली होती. बाईंना लिहिता येत नव्हते. पण त्या रेघांपुढे तडजोड करावी लागली. त्या दिवसापासून मी कोणत्याही मोठ्या शोधाची हकिकत वाचू लागलो की प्रथम विचारतो, याची वही कोणी लिहिली, आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे?

आपल्याच मुलखापासून प्रारंभ करू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वैजापूर हे हैदराबाद संस्थानात होते, हे येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्या संस्थानाच्या राजधानीत नवाब जफर जंग नावाच्या सरदाराने १९०१ साली स्वखर्चाने एक वेधशाळा काढली. विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण आणि ताऱ्यांची छायाचित्रे घेणारी आठ इंची दुर्बीण त्याने मागविली. त्याच्या मृत्यूनंतर १९०८ साली संस्थान सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती निजामिया वेधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली.

१८८७ साली पॅरिसमध्ये जगातील ज्योतिर्विदांनी एकत्र बसून ठरविले होते की, सगळ्या आकाशाचे पट्टे पाडावेत, एकेक पट्टा एकेका वेधशाळेने वाटून घ्यावा, त्याची छायाचित्रे काचांवर घ्यावीत आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून छापावी. काही वेधशाळांनी पट्टा घेतला, पण काम पुरे केले नाही. दक्षिण आकाशातील असा एक सुटलेला पट्टा हैदराबादने उचलला आणि तो संपवून पुढे उत्तरेकडील आणखी एक घेतला. पहिले संचालक चॅटवूड, मग पोकॉक, आणि १९१८ नंतर भास्करन या भारतीय संचालकांच्या हाताखाली हे काम चालले. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, ताऱ्याचा ठिपका चौकटीत कोठे बसतो ते वाचायचे, आकडा लिहायचा आणि पुढच्या ठिपक्याकडे जायचे. असे साडेसात लाखांहून अधिक तारे मोजून हैदराबादने बारा खंड छापले. शेवटचे खंड निघाले तेव्हा १९४० चे दशक उजाडले होते.

तोवर शास्त्राची दिशा बदलली होती. ताऱ्यांच्या जागा मोजण्यापेक्षा त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करण्यात लोकांस रस होता. हे सर्व खंड म्हणजे वाया गेलेले श्रम, असे म्हणणारे विद्वान निघाले. पण १९८९ साली युरोपातील राष्ट्रांनी हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्याने ताऱ्यांच्या जागा फार बारकाईने मोजल्या. मात्र तारा कोणत्या वेगाने सरकत आहे हे नेमके कळावयास आजची जागा पुरत नाही. फार वर्षांपूर्वी तो कोठे होता हेही कळावे लागते, आणि भूतकाळात उपग्रह सोडता येत नाही! मग ते जुने खंड बाहेर निघाले, त्यांतले आकडे पुन्हा यंत्रात उतरविण्यात आले आणि २००० साली सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची नवी सूची तयार झाली. त्या सूचीत हैदराबादच्या कारकुनांचे आकडे आहेत. त्यांनी मोजले तेव्हा त्यांस याचा उपयोग काय हे कोणी सांगू शकले नसते. त्यांनी आकडा बरोबर लिहिला, एवढेच.

याच योजनेत रोमजवळच्या व्हॅटिकन वेधशाळेचा पट्टा चार जोगिणींनी मोजला. सुमारे पावणेपाच लाख तारे! त्यांचे छायाचित्र बरीच वर्षे छापले जात होते, त्याखाली नावे नव्हती. जुनी कागदपत्रे चाळताना ती नावे सापडली आणि जगाला २०१६ साली कळली. मस्टरवर सही करून घेण्याचा आग्रह आमची युनियन का धरते, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी हकिकत मुंबईची. कुलाब्यास १८२६ साली कंपनी सरकारने वेधशाळा उभारली. तेथे १८४० च्या सुमारास ऑर्लेबार या प्राध्यापकांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा दरमहा पन्नास रुपयांवर कामास लागला. हेच पुढे केरूनाना छत्रे म्हणून गाजले. लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे ते हेच. वाचन त्यांचे स्वतःचे, आणि शिस्त वेधशाळेतील वेळेवर घ्यावयाच्या नोंदींची. त्याच सुमारास कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. दर तासाला एका माणसाने यंत्रापाशी जायचे, टांगलेला लोहचुंबक किती वळला ते डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत लिहायचे. दिवसा लिहायचे, रात्री लिहायचे, धो धो पावसातही लिहायचे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी लंडनजवळ कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्याला डागांवर अकस्मात लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ आदळले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. ध्रुवप्रदेशातील प्रकाश पार क्यूबापर्यंत दिसला. इंग्लंडमध्ये तेव्हा नोंदी छायाचित्राने आपोआप उमटत असत. पण वादळ एवढे मोठे की प्रकाशाची रेघ कागदाच्या बाहेर गेली आणि ऐन भराचा आकडा मिळाला नाही. मुंबईत यंत्र जुने होते, पण त्याच्याजवळ माणूस उभा होता. सुई बिघडल्यासारखी वागते आहे हे पाहून त्याने तासाची वाट पाहिली नाही. दर पंधरा मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी तो वाचीत गेला आणि लिहीत गेला. २ सप्टेंबरला सकाळी अकराच्या सुमारास चुंबकी बलाचा आकडा एकदम सोळाशेने खाली गेल्याची नोंद त्या वहीत आहे.

ही वही पुढे कशी टिकली तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकी नोंदींचे काम १९०४ साली अलिबागला नेले. पण त्यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेतल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता यावी. १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या सर्व नोंदी त्यांनी १९१० साली छापून काढल्या. दप्तर सांभाळणे म्हणजे कपाटास कुलूप घालणे नव्हे. आधीच्याचा सांधा नंतरच्याशी जुळविणे हे खरे सांभाळणे होय.

२००३ साली त्सुरुतानी, लखिना आदी संशोधकांनी ही वही उघडली आणि १८५९ चे वादळ किती मोठे होते याचा अंदाज केला. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्विबेक प्रांतात एका चुंबकी वादळाने साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालविली होती. आज जे वादळे मोजण्याचे परिमाण आहे त्यावर ते ५८९ होते. कुलाब्याच्या नोंदीवरून १८५९ चे वादळ त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. पुढे इतर संशोधकांनी तासाची सरासरी काढून तो आकडा बराच खाली आणला आणि वाद झाला. वाद होणारच. पण वाद घालावयाससुद्धा दोन्ही बाजूंनी तीच वही उघडावी लागली. आज वीजमंडळांचे आणि उपग्रहांचे अभियंते संकटाचा हिशेब मांडतात तेव्हा त्या हिशेबात कुलाब्याच्या त्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी असतात.

तिसरी गोष्ट पाखरांची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. यांपैकी सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. बालपणी लावलेले लग्न मानावयास नकार देऊन जी न्यायालयापुढे उभी राहिली आणि पुढे डॉक्टर झाली, तीच रखमाबाई. सावत्र बापाने वाढविलेली ही मुलगी महाराष्ट्राच्या इतिहासात अजरामर झाली.

याच संस्थेतून सलीम अली पुढे आले. १९३१ साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. मेहनताना नको, केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्या, अशी त्यांची अट होती. आमच्या भाषेत ही बिनपगारी कामगिरी, आणि युनियनवाला म्हणून मी तिचे कौतुक करणार नाही. परंतु त्या पाहणीचे लेख १९३३-३४ मध्ये छापले गेले म्हणून आज नव्वद वर्षांनी आपण म्हणू शकतो की, या मुलखात अमुक पक्षी होता आणि आता नाही, किंवा पूर्वी नव्हता आणि आता आहे. आपल्या शेतांना ज्याचा कालवा पाणी देतो त्या नांदूर मध्यमेश्वराच्या जलाशयाला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. तो पाणथळीला आणि पाखरांना मिळाला, हे खरे. पण पाखरे आहेत हे सिद्ध कशाने झाले? थंडीत पहाटे उठून त्यांची मोजदाद करणाऱ्यांच्या वह्यांनी. तेथे एखाद्या पाखराच्या पायात क्रमांक घातलेले कडे सापडते. ते कोठे घातले आणि केव्हा घातले हे वही सांगते. वही नसेल तर ते नुसते पत्र्याचे कडे.

सलीम अलींची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मला माझ्या शेवटच्या मुद्द्यावर नेते. ते अगदी लहान असताना आईवडील दोघेही वारले. निपुत्रिक मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढविले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचे मूल यशवंत पदरात घेतले. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा केली. दत्तकाचा इतिहास केवळ गादीचा आणि वतनाचा नाही.

पण दप्तर मात्र गादीचेच राहिले! १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला. तो सयाजीराव महाराज झाला. त्याच्या दत्तविधानाचा दिवस, वंशावळ, सारे कागद जपले गेले. त्याच १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. त्या आश्रमाच्या पाळण्यात येणाऱ्या मुलाचे आईबाप कोण, हे लिहून ठेवावयास कोण धजावणार? जन्म दोघांचेही झाले. एकाची बखर झाली, दुसऱ्याची नोंद एका ओळीची. १९५६ च्या कायद्यापूर्वी हिंदूंस मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण मोकळीकच नव्हती. म्हणजे तिच्यासाठी तर रकानासुद्धा नव्हता.

शास्त्राने मात्र दत्तक मुलांच्या नोंदींचा मोठा उपयोग केला. माणसाचे दुखणे रक्तातून येते की घरातून, हा जुना प्रश्न आहे. मूल ज्यांच्या पोटी जन्मले ते निराळे आणि ज्यांनी वाढविले ते निराळे असतील, तरच याचे उत्तर शोधता येते. डेन्मार्कमध्ये दत्तकांची सरकारी नोंद पूर्वीपासून ठेवली जाते. केटी, रोझेनथल आणि वेंडर या संशोधकांनी कोपनहेगन भागातील १९२४ ते १९४७ या काळातील सुमारे साडेपाच हजार दत्तकांची पुस्तके घेतली, त्यांतून स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार झालेली माणसे निवडली आणि त्यांच्या दोन्ही कुटुंबांची माहिती काढली. १९६८ साली त्यांनी दाखविले की, या आजाराचा संबंध जन्मदात्या नातलगांशी अधिक दिसतो. आई वाईट वागली म्हणून मुलाचे डोके फिरले, असा दोष तोवर कित्येक आयांवर ठेवला जात असे. त्या वह्यांनी तो बराचसा पुसला.

उलट उदाहरणही ऐका. इंग्लंडमध्ये सिरिल बर्ट हे बुद्धिमापनाचे मोठे पंडित होते. जन्मतःच वेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांची बुद्धी सारखीच असते, अर्थात बुद्धी वंशानेच येते, असे ते सांगत. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांच्या वाटा कायमच्या वेगळ्या करणाऱ्या मंडळींना हे मत फार सोयीचे होते. गरिबाचे पोर मुळातच मंद, असे म्हटले की शाळेवर खर्च करावयास नको! बर्ट १९७१ साली वारले. १९७४ साली लिऑन कामिन यांनी दाखविले की, त्यांच्या जुळ्यांची संख्या १९५५ साली २१ जोड्या होती, ती १९६६ पर्यंत ५३ झाली, तरी साम्याचा आकडा मात्र तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच राहिला. मूळ कागद पाहू म्हटले तर ते मृत्यूनंतर जाळून टाकलेले. त्यांनी लबाडी केली की निष्काळजीपणा, हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यात पडावयाचे नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्याच्या आकड्यांनी हजारो मुलांचे भवितव्य ठरविण्यास आधार दिला, त्याने मस्टर दाखवावयास हवे होते. भिजलेले मस्टर आणि जळालेले मस्टर यांत मला फरक दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. डेन्मार्कची वही संशोधकाने उघडली. पण त्या वहीत ज्याचे नाव आहे त्याला ती उघडता येते काय? माझ्या परिचयाच्या एका कामगाराने मुलगी दत्तक घेतली होती. अठरा वर्षांची झाल्यावर तिने बापाला विचारले, माझे पहिले घर कोठे? बाप माझ्याकडे आला, कारण अर्ज लिहिणारा त्याला दुसरा कोणी ठाऊक नव्हता. आज आपल्याकडील दत्तकाच्या नियमांत अठरा वर्षे पूर्ण झालेल्यास स्वतःचे मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्रीची गुप्तता राखण्याचेही बंधन त्यात आहे, आणि तेही योग्यच आहे, कारण तिचेही एक आयुष्य आहे. आम्ही अर्ज केला. उत्तर आले ते चार ओळींचे. मूल सापडल्याची तारीख, वेळ, वजन, आणि शेवटी, ‘डोक्यास हिरवे टोपडे, दोरा नवा’. मुलीने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे कोणीतरी माझ्यासाठी शिवले होते." ती आणखी काही शोधावयास गेली नाही. ते टोपडे ज्या परिचारिकेने किंवा कारकुनाने वहीत लिहिले, त्याला तसे कोणी सांगितले नसेल. रकान्यात ‘काही नाही’ असे लिहूनही भागले असते.

मित्रहो, कुलाब्याचा तो माणूस, हैदराबादचे ते कारकून आणि ही टोपडे लिहिणारी व्यक्ती, हे सारे एकाच बिरादरीचे. दिसले ते लिहिले, वेळेवर लिहिले, आणि उपयोग काय म्हणून लिहिणे टाळले नाही. आपल्याकडे २०२३ साली निजामकाळच्या नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. आपल्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, तालुक्याचे पर्जन्यमान, दवाखान्यातील जन्माच्या वह्या आणि आमची मस्टरे आजही कोठल्यातरी माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन आहेत. त्यांत कोणाचा पगार आहे, कोणाची जात आहे, कोणाची आई आहे, हे आज सांगता येणार नाही.

म्हणून दोनच गोष्टी मागतो. पहिली, ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती पाहण्याचा हक्क असावा. मालक असो, सरकार असो वा संशोधक असो, वही त्यांच्या कपाटात असली तरी ती केवळ त्यांची नव्हे. दुसरी, ज्याने नोंद लिहिली त्याचे नाव तिच्याखाली असावे. हे दोन्ही मिळेपर्यंत आपण निदान आपापल्या घरची वही लिहीत राहू. त्या बाईंच्या चार दिनदर्शिका मी परत दिल्या, तेव्हा त्यांनी त्या पुन्हा भिंतीवरच्या खिळ्याला, चालू वर्षाच्या मागे, टांगल्या. मी विचारले, आता कशाला? त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ, खाऊन काय मागतात?"